मॅटखालचं पाणी

आमची वॅगनआर 2008 ची. रंग चंदेरी. मळ दिसत नाही, एवढ्या एकाच कारणासाठी बाबांनी तो निवडला होता. बाबांनी गाडी चालवणं सोडल्यापासून ती माझ्याकडे आहे. शाळेच्या दिवशी रत्नागिरी ते पावस आणि परत, असे चाळीसेक किलोमीटर रोजचे. भाट्याच्या पुलावर खारा वारा, पुढे गोळपपर्यंत लाल चिखल, आणि घरी अंगणात आंब्याखाली मुक्काम. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा काचेवर असा बसतो की वायपर फिरवला तर सगळं पुसट होऊन जातं. तेव्हा मुकाट्याने बादली आणायची.

2023 मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं, तेव्हा घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. असो.

गेल्या जूनमध्ये गाडीत कुबट वास यायला लागला. मी एअर फ्रेशनर आणून लावला. म्हणजे आता कुबट मोगरा. आठवड्याभराने माझ्याबरोबर येणाऱ्या पाचवीच्या बाई म्हणाल्या, "अहो, माझे पाय ओले झाले की हो." डावीकडची मॅट उचलली तर खालचा गालिचा पिळून काढावा इतका भिजलेला.

आमच्या मेस्त्रींना मी चाचा म्हणते. त्यांना फोन केला.

"बाई, पाणी बोटाला चिकट लागतंय? हिरवट आहे?"

"नाही. साधं पाणी आहे."

"मग हीटरच्या कॉइलमधलं कूलंट गळत नाहीये. वाचलात. आता दोन दिवस एसी लावू नका."

एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तर तेही तिथेच, डाव्या पायाशी येतं. दोन दिवस घामाघूम होत गेले-आले. नेमकी त्या दोन दिवसांत उघडीप होती. मॅट कोरडी. तिसऱ्या रात्री गाडी जागची हलली नव्हती, नुसता पाऊस पडला, आणि सकाळी मॅट परत ओली. म्हणजे पाणी वरून येत होतं.

पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, काळी प्लास्टिकची जाळी असते. काचेवरून उतरणारं पाणी तिच्यातून आतल्या पन्हळीत जातं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून चाकांमागे जमिनीवर पडतं. ब्लोअर बाहेरची हवा ओढतो तीही याच पन्हळीतून. रविवारी मी तिथे तांब्याभर पाणी ओतलं आणि डाव्या चाकामागे वाकून वाट बघत राहिले. थेंब नाही. चाचांनी येऊन वायपर काढले, जाळी उचलली. आत आंब्याची पानं, वाळका मोहोर आणि त्याचा झालेला काळा, मऊ गाळ. परसातलं खतच म्हणा ना. भोक बुजलेलं, पाणी चढून ब्लोअरच्या तोंडातून आत. चाचांनी स्कूटरच्या ब्रेकची जुनी केबल आत सारली आणि हलकेच फिरवली. भसकन सगळं खाली आलं.

खर्च जवळजवळ काहीच नाही, पण गालिचा सोडवून वाळवायला चार दिवस गेले. त्याखाली पत्र्यावर तळहाताएवढा गंज निघाला. मी म्हटलं, वरून काळं कोटिंग मारून टाका. चाचा कधी नव्हे ते माझ्यावर चिडले. ओल्या गंजावर कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतल्या आत खाल्ला जातो. आधी घासून पांढरा पत्रा काढायचा, कोरडा करायचा, प्रायमर, मग बाकीचं. बाबा दर मे महिन्यात गाडीच्या बुडाला जळकं ऑइल मारून घ्यायचे. चाचांच्या मते त्याने गंजाचं काय व्हायचं ते होवो, चाकांच्या जोडांमधले रबरी बुश मात्र फुगतात. हे बाबांना सांगायची माझी हिंमत नाही.

तेव्हापासून माझं गाडी धुणं बदललं. वरचं अंग पाच मिनिटांत उरकते. शांपू आणि दोन बादल्या, बस. वेळ जातो तो चाकांच्या वरच्या कमानीत हात घालून चिखलाची ढेकळं काढण्यात, आणि दारांच्या खालच्या कडेला. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी बाहेर जायला तिथे बारीक भोकं असतात. नारळाच्या खराट्याचा एक हीर घ्यायचा आणि प्रत्येक भोकात फिरवायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा मागच्या दारातून लाल पाण्याची धार लागली होती, आणि दार हलवलं की आत काहीतरी डुचमळतंय असं मला कितीतरी दिवस वाटत होतं, तो आवाज बंद झाला.

ब्रेकचं दुखणंही धुतानाच सापडलं. पावसहून आल्या आल्या चाकांवर पाणी मारलं तर पुढच्या डाव्या चाकातून चर्र आवाज आणि वाफ. उजवं चाक गप्प. कॅलिपरची, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याची, पिन अडकून बसली होती, त्यामुळे ब्रेक सुटतच नव्हता. वहीत पेट्रोलचा हिशोब बघितला तर महिनाभर ॲव्हरेज पडलेलंच होतं. मी त्याचं खापर पेट्रोलवर फोडत बसले होते. चाचांनी पिन काढून साफ केली, ग्रीस लावलं. शिवाय ब्रेकच्या तापलेल्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, गार पाणी मारल्याबद्दल माझी वेगळी हजेरी घेतली, डिस्क वाकडी होऊ शकते म्हणून. आता घरी आल्यावर आधी चहा, मग बादली.

यंदा पावसाआधी पुन्हा तांब्याभर पाणी ओतलं. डावीकडे लगेच टपटप, उजवीकडे जरा वेळाने. मागच्या उजव्या दाराच्या कडेला मात्र रंगाखाली वाटाण्याएवढा फोड आलाय. नखाने दाबला तर कुरकुरतो. चाचा म्हणाले, "आता चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागेल, गणपतीनंतर आणा. आणि बाई, तोवर नखाने टोकरू नका." तो फोड काल परत दाबून बघितला.