साडेतीन सेकंदांचं भूत

खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारी बसलेली दिसते. मान खाली, केस तोंडावर, डोक्यावर एकच पिवळा दिवा. आत येणारा प्रत्येकजण तिच्याकडे बघत, तिच्यापासून अंग चोरत पुढे सरकतो. म्हातारी पुतळा आहे, तिचं काम एवढंच. खरं माणूस आहे समोरच्या भिंतीत, वॉलपेपरच्या नक्षीत बेमालूम मिसळलेल्या झडपेमागे. म्हातारीपासून लांब व्हायला म्हणून तुम्ही त्याच भिंतीला जाऊन चिकटता. झडप खाडकन पडते, हाताच्या अंतरावर एक तोंड येतं, त्याच क्षणी कानाशी कर्कश आवाज आणि डोळ्यांत पांढरा झोत. अर्ध्या सेकंदात सगळं आटोपतं.

अशी खोली ऑरलँडोच्या हॅलोवीन हॉरर नाइट्समध्ये, म्हणजे फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल थीम पार्कच्या रात्रीच्या भुताटकीच्या कार्यक्रमात, जवळपास प्रत्येक भुताच्या घरात सापडते. म्हातारीच्या जागी कधी टांगलेला बोकड, कधी ऑपरेशनचं टेबल. नजर उजवीकडे ओढायची, हल्ला डावीकडून करायचा. त्या भिंतीतल्या भोकाला तिथली मंडळी बू-होल म्हणतात, आणि भोकातल्या कलाकाराला युनिव्हर्सलचा खास शब्द आहे, स्केअरॅक्टर. आवाज आणि दिवा आपोआप लागत नाहीत. बटण त्याच्या हाताशी किंवा पायाखाली असतं आणि ते कधी दाबायचं हे तो ठरवतो. म्हणूनच त्याच घरात पहिल्यांदा दचकलेला माणूस दुसऱ्या फेरीत वेगळ्या जागी दचकतो. कारागिरीच्या बाबतीत मला या कार्यक्रमाबद्दल काही म्हणजे काही तक्रार नाही. घरांचे दर्शनी भाग बघा, कुजलेल्या लाकडाचा रंग बघा, काही खोल्यांत मुद्दाम सोडलेला वास बघा. हे लोक पोटतिडकीने काम करतात.

घोळ आहे तो हिशेबात.

ताशी हजार माणसं एका घरातून बाहेर काढायची म्हटली तर दर ३.६ सेकंदाला एक माणूस आत सोडावा लागतो. घर चालून संपायला साधारण चार मिनिटं लागतात. म्हणजे कुठल्याही क्षणी आत पासष्ट-सत्तर माणसं, एकामागे एक, मुंग्यांसारखी. आता झडपेमागच्या माणसाचं बघा. झडप पाडायची, बटण दाबायचं, झेप घ्यायची, मागे जायचं, झडप पुन्हा लावायची, फटीतून पुढचं गिऱ्हाईक हेरायचं. कितीही चपळ असला तरी यात पाच-सात सेकंद जातात. तेवढ्यात तुमच्यासारखे दोघं त्याच्या समोरून निघून गेलेले असतात, आणि त्या दोघांना काय दिसतं? अर्धवट लागलेली झडप आणि मागे सरकणारी एक पाठ. दीड तास रांगेत उभं राहून भुताची पाठ.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन् तास, आणि विठोबाच्या पायाशी पोचलात की ‘चला माउली, चला’. इथेही अंधारात हातात छोटी विजेरी घेतलेले सेवक उभे असतात आणि ते हेच म्हणतात, फक्त इंग्रजीत.

त्यामुळे भीती पदरात पाडून घ्यायची तर थोडं तंत्र लागतं. आत शिरताना पुढच्या माणसाच्या पाठीला चिकटू नका. दोन-तीन पावलांचं अंतर ठेवा. जास्त ठेवलंत तर सेवक हटकतो, पण तीन पावलं खपून जातात. पुढचा माणूस किंचाळला की पाय आपोआप थबकतात. नेमकं तिथेच मनात तीनपर्यंत मोजा आणि मग निघा. तोवर झडप लागलेली असते आणि पुढचा नंबर तुमचा. चौघांचा गट असेल तर सगळ्यात घाबरट माणसाला दुसरा ठेवा. पहिल्याच्या अंगावर बहुधा कोणी येत नाही, कारण त्याच्यावर झेप घेतली तर मागचे सगळे सावध होतात. दुसरा-तिसरा हे खरं सावज. आणि वळणाच्या आतल्या बाजूने चाला, तिथे पुढचं दिसत नाही. ज्यांना भीती नकोच आहे त्यांनी हे सगळं उलटं करावं: पुढच्याचा खांदा धरून, खाली बघत, मध्यातून. चार मिनिटं निभावून जातात.

आणखी एक. कलाकारांच्या दोन तुकड्या असतात आणि त्या ठरावीक वेळाने बदलतात. तुम्ही नेमके त्या बदलाच्या वेळी आत असलात तर चार-पाच खोल्या ओस पडलेल्या मिळतात. त्यावर उपाय नाही. नशीब म्हणायचं आणि पुढच्या घराकडे वळायचं.

एका वर्षी घरं साधारण दहा असतात. दारं संध्याकाळी साडेसहाला उघडतात, रात्री दोनला मिटतात. साडेसात तास, म्हणजे ४५० मिनिटं. गर्दीच्या शनिवारी बहुतेक घरांवरची थांबण्याच्या वेळेची पाटी तासाच्या वर असते आणि सिनेमावर बेतलेल्या घरांवर ती दोन तासांपर्यंतही जाते. दहा घरं गुणिले साठ मिनिटं, करा बेरीज. एका साध्या तिकिटात, शुक्रवारी किंवा शनिवारी, दहाच्या दहा घरं होत नाहीत. कोणी झाली म्हणून सांगितलं तर त्याने छोट्या रांगेतून नेणारा एक्स्प्रेस पास घेतला होता, आणि तो पास बहुतेक रात्री मूळ तिकिटापेक्षा महाग पडतो. हे तिकीटही वेगळंच काढावं लागतं. दिवसाचं पार्क पाचला बंद होतं आणि दिवसाच्या तिकिटावर कोणी रात्री थांबू शकत नाही.

मात्र एक फट आहे. दिवसाचं आणि रात्रीचं अशी दोन्ही तिकिटं असतील तर पाचला बाहेर पडावं लागत नाही. आतच ठरवून दिलेल्या जागी थांबता येतं. तिथे मनगटाला पट्टी बांधतात आणि जवळची काही घरं मुख्य दार उघडण्याआधीच सुरू करतात. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत मोलाची वेळ. साडेसहाच्या आत दोन-तीन घरं पदरात पडतात. त्यासाठी साडेचारच्या आत थांबण्याच्या जागी पोचायला हवं, कारण तिथेही रांग असते. अर्थात. मग सात ते साडेदहा हा मधला पट्टा रांगेत घालवायचा नाही. तेव्हा रस्त्यावरचे स्केअर झोन (जिथे भुतं मोकळी फिरतात ते पट्टे), रंगमंचावरचा कार्यक्रम, जेवण आणि राइड. मोठ्या राइडपैकी काही रात्रीही चालू असतात आणि सगळे भुतांच्या मागे लागलेले असल्यामुळे दिवसा तासभर थांबवणारी राइड दहा-वीस मिनिटांत मिळते. साडेअकरानंतर लेकुरवाळे आणि दमलेले घरी जातात, तेव्हा पुन्हा घरांकडे. सर्वांत लांब रांगेचं एक घर दीडनंतरसाठी राखून ठेवावं.

वार निवडता येत असेल तर बुधवार, गुरुवार, रविवार. महिना निवडता येत असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. नाव हॅलोवीनचं असलं तरी हे प्रकरण ऑगस्टअखेरीसच सुरू होतं. २०२४ साली ३० ऑगस्ट ते ३ नोव्हेंबर अशा ४८ रात्री होत्या, म्हणजे गणपती बसायच्या आठवडाभर आधी सुरुवात आणि भाऊबीजेला शेवट. मधे अख्खा पितृपक्ष. आपण घरातल्या मेलेल्यांना खीर-वडे वाढून बोलावतो त्याच पंधरवड्यात हे लोक परक्या मेलेल्यांकडून घाबरून घ्यायला पैसे मोजतात. १९९१ मध्ये हे सुरू झालं तेव्हा नाव फ्राइट नाइट्स होतं, रात्री तीन आणि घर एक. पुढच्याच वर्षी आताचं नाव आलं. थीम पार्कमध्ये अशा रात्री आधी सुरू करण्याचा मान मात्र कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मचा. तिथे १९७३ पासून हे चालू आहे.

सप्टेंबरची गर्दी कमी असते त्याला कारण आहे. फ्लोरिडाचा सप्टेंबर म्हणजे मुंबईचा ऑक्टोबर, वर वळवाचा पाऊस. रात्री नऊला सुद्धा अंगातून घाम निथळतो. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे हा सगळा कार्यक्रम त्याच्या पोटात बसतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन चक्रीवादळामुळे दोन रात्री रद्दच झाल्या. एवढं मोठं काही नसलं तरी तासाभराची सर येतेच, आणि रांगांचा मोठा भाग उघड्यावर असतो. छत्री रांगेत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते, घडी करून खिशात मावणारा पातळ रेनकोट आणावा. पाऊस वाईट असतो तसा उपकारकही असतो. सर आली की अर्धी जनता दुकानांत शिरते, रांगा आखडतात, आणि भिजायची तयारी असलेल्याला पुढच्या तासात दोन घरं सहज मिळतात. फक्त बुटात पाणी जाऊ देऊ नका. ओले मोजे घालून मध्यरात्रीपर्यंत डांबरावर चालल्यावर टाचेला जो फोड येतो, तो कुठल्याही भुतापेक्षा जास्त दिवस सोबत राहतो.

वेशभूषा करून जाता येत नाही, मुखवटे तर दारातच अडवतात. कारण सरळ आहे, आतल्या भुतांना आणि सुरक्षारक्षकांना खरं कोण ते कळायला हवं. कलाकार तुम्हाला हात लावत नाहीत, तुम्हीही लावायचा नाही. घरात फोटो आणि व्हिडिओला मनाई आहे. तरीही एखादा महाभाग फोन काढतोच, आणि त्या पडद्याच्या उजेडाने मागच्या वीस जणांचा अंधार नासतो. अंधाराला सरावलेला डोळा एकदा उजेडाने बिघडला की पुन्हा सरावायला काही मिनिटं लागतात, आणि अख्खं घरच चार मिनिटांचं. दुसरी पीडा दारूची. बिअर आणि कॉकटेल जागोजागी मिळतात, दीड तासाच्या रांगेत एका हाताला काम म्हणून लोक पीतही राहतात. अकरानंतर मागे असा कंपू आला तर त्यांना खुशाल पुढे जाऊ द्या. भिंतीतल्या भुताशी मोठमोठ्याने गप्पा मारणारा माणूस पुढे असणं वाईट, हे मान्य. पण तो पाठीवर ओरडत असणं त्याहून वाईट.

तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी हे नाही असं युनिव्हर्सल स्वतः सांगतं, आणि ते औपचारिकतेपुरतं नाही. रक्तामांसाचा चिखल भरपूर आहे. झगझगणारे दिवे जवळपास प्रत्येक घरात आहेत, त्यामुळे फिट येण्याचा त्रास असलेल्याने जाऊच नये. धुराने दम्याच्या माणसाला खोकला लागू शकतो. पंप बॅगेत नको, खिशात असावा.

जेवणाबद्दल एवढंच: शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण नवरात्राचा उपास असेल तर फळं आणि पाणी यापलीकडे फार आशा ठेवू नये. पिझ्झा फ्राइज नावाचा एक लोकप्रिय प्रकार आहे, बटाट्याच्या तळलेल्या कापांवर पिझ्झाचा सगळा ऐवज. तो खाऊन रांगेत उभं राहायचं नाही, बसून खायचा.

रस्त्यावरच्या स्केअर झोनची मजा निराळी, आणि ती बिनरांगेची. धुरात बुडालेला रस्ता, उंच काठ्यांवर चालणारी धुडं, आणि करवतवाले. लाकूड कापायच्या त्या करवतीची साखळी काढून टाकलेली असते, इंजिनाचा आवाज आणि पेट्रोलचा वास मात्र अस्सल. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पोटरीजवळ ती सुरू झाली की पन्नाशीचा गृहस्थही पळतो. कोकणात शिमग्याला संकासुर मागे लागतो तसंच हे. कमरेची घुंगरं ऐकू आली की मुलं पळत सुटतात, आणि तो गेला की पुन्हा त्याच्या वाटेवर येऊन उभी राहतात. करवतवाला पळणाऱ्याच्याच मागे जातो. एका जागी उभं राहून त्याच्या डोळ्यांत बघितलं तर तो दोन सेकंद थांबतो आणि दुसरं सावज शोधतो. बघायला उभं राहायची सर्वोत्तम जागा झोनच्या मधोमध नाही, जिथून लोक आत शिरतात त्या तोंडाशी एका बाजूला. तिथून कलाकार सावज कसं निवडतात ते दिसतं: फोनमध्ये मान घातलेला, मैत्रिणीच्या मागे लपलेली, आणि ‘मला काही होत नाही’ असं मोठ्याने सांगणारा.

घरांपैकी निवड करायचीच वेळ आली तर मी सिनेमाची घरं सोडून इथल्या लोकांनी स्वतः रचलेली घरं आधी घेईन. सिनेमाच्या घरात पुढचा प्रसंग माहीत असतो, कोण कुठून येणार याचा अंदाज असतो, आणि रांगही त्यांचीच लांब. स्वतः रचलेल्या घरांत लॅटिन अमेरिकेच्या लोककथांमधली भुतं येऊन गेली आहेत. ती आपल्या हडळ-मुंज्याच्या इतकी जवळची आहेत की भाषा न कळताही कुठल्या झाडाखाली उभं राहू नये ते कळतं.

दोनला संगीत बंद होतं. सगळे एकदम सरकत्या पट्ट्यांवरून पार्किंगकडे निघतात, आणि गॅरेजमधून गाडी बाहेर काढायला अर्धा तास सहज जातो. विभागांना नावं आहेत, मजल्यांना आणि ओळींना आकडे. संध्याकाळी उतरताना त्या खांबाचा फोटो काढून ठेवा. रात्री अडीचला, ओल्या मोज्यांत, नाव आठवतं आणि आकडा आठवत नाही.