शून्य टक्क्यांचं पाकीट

इथे न्यू जर्सीत टपालातून येणाऱ्या रद्दीत क्रेडिट कार्डाची पाकिटं हमखास असतात. 'जुनी बाकी आमच्याकडे वळवा, १८ महिने शून्य टक्के व्याज!' एरवी मी ती न उघडताच फाडते. या वेळी मात्र हिशेबाला बसले. रूट कॅनॉल आणि घर बदलतानाचं डिपॉझिट मिळून कार्डावर ६,००० डॉलर तुंबलेत, तेही २४ टक्क्यांनी.

दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "स्वस्तच आहे की!" भारतात कार्डाचा दर महिन्याचा सांगतात, साडेतीन-पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला चाळिशीच्या पुढे. त्या मानाने असेल स्वस्त. पण महिन्याला १२० डॉलर नुसतं व्याज जातं. शिवाय बाकी मागे राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. दूध-भाजी घेतली तरी व्याज त्याच दिवसापासून.

बरं, कार्ड घेतलं तेव्हा हाच दर विशीच्या आत होता. इथल्या बहुतेक कार्डांचा दर 'प्राइम रेट'ला, म्हणजे बँका आपल्या सर्वात भरवशाच्या ग्राहकांना लावतात त्या पायाभूत दराला, बांधलेला असतो आणि मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात तो ३.२५ वरून ८.५ टक्क्यांवर गेला. पुढे उतरला, पण चढला तेवढा नाही. २००९ च्या कायद्याने दर वाढवण्याआधी ४५ दिवस कळवावं लागतं खरं, पण प्राइमबरोबर वाढणाऱ्या दराला ती अट नाही.

आता पाकिटातलं गणित. बाकी वळवायला ३ टक्के शुल्क, म्हणजे १८० डॉलर. काही बँका ५ टक्के घेतात. ६,१८० भागिले १८, महिन्याला ३४३. तेवढाच हप्ता जुन्या कार्डावर भरला तर फिटायला जवळपास २२ महिने लागतात आणि व्याज जातं साडेचौदाशेच्या घरात. म्हणजे बाराशेच्या वर डॉलर वाचतात. मग अडतं कुठे? १८ महिन्यांत फिटलं नाही तर उरलेल्या रकमेला पुन्हा विशीच्या वरचाच दर. (फर्निचरच्या दुकानांची 'बिनव्याजी' कार्डं याहून वाईट. तिथे थोडं जरी राहिलं तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज वसूल करतात.)

ज्याला ३४३ चा हप्ता झेपेल याची खात्री नाही, त्याने माझ्या मते शून्याच्या नादी लागू नये. त्यापेक्षा क्रेडिट युनियन बरी, साधारण आपल्याकडच्या पतसंस्थेसारखी. फेडरल क्रेडिट युनियनला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. १२ टक्क्यांचं कार्ड मिळालं तरी दर महिन्याचं व्याज निम्म्यावर येतं, आणि मुदत संपण्याची टांगती तलवार नाही.

घरात वाद झाला तो एनआरई खात्यातल्या, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या भारतातल्या खात्यातल्या, एफडीवरून. नवरा म्हणे, मोडून टाकू. सात टक्के मिळतात, भारतात करमाफ, पण अमेरिकेत त्यावर कर भरावाच लागतो. २४ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून ती एफडी जपणं मलाही पटत नव्हतं. पण कर्जाचं व्याज शून्यावर येणार असेल तर मोडायची कशाला? राहू दे, शेवटी काही उरलंच तर उपयोगी पडेल.

अर्ज केला. मंजुरीआधी मर्यादा सांगत नाहीत, ती निघाली ४,५००, आणि शुल्कही त्यातच. म्हणजे १,६०० च्या आसपास जुन्या कार्डावर २४ टक्क्यांनी राहणार. तेवढ्यासाठी छोटी एफडी मोडली, मोठी तशीच ठेवली. आता महिन्याला २५० भरायचे, नव्या कार्डावर खरेदी अजिबात नाही. जुन्या बँकेत पैसे पोचेपर्यंत तिथला हप्ता चालूच आहे, आणि बाकी शून्य दिसली तरी मधल्या दिवसांच्या व्याजाचं एक बिल मागून येईल, त्याचेही पैसे बाजूला काढलेत.