फॉरमॅट मारू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पण विचारणारे तुम्ही एकटे नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या दोन-तीन कारखान्यांचे हिशेब मी बघते. त्यामुळे जीएसटी, टॅली, बँकेची स्टेटमेंटं यासाठी फोन येणं साहजिक आहे. निम्मे फोन मात्र वेगळेच असतात. "अक्का, कॉम्प्युटर लई स्लो झालाय बघा. फॉरमॅट मारू का?" म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू का? मी काही इंजिनिअर नाही, माझं दुरुस्तीचं दुकानही नाही. मार्चअखेरीला याच डब्यासमोर मान मोडून बसावं लागतं, त्यातून त्याची दुखणी ओळखीची झाली इतकंच. तर उत्तर आधीच देऊन टाकते : मारू नका. निदान आज तरी नको.

फॉरमॅटवर लोकांचा एवढा विश्वास बसला, त्याला कारण आहे. फॉरमॅट मारला की मशीन खरंच पळतं. महिना-दोन महिने तरी पळतं. कारण विंडोज सुरू होतानाच मागच्या मागे जे दहा-पंधरा प्रोग्रॅम उठून बसतात, ते सगळे त्यात उडून जातात. मग प्रिंटरचा एक येतो, मीटिंगचा एक येतो, कुणीतरी टाकलेला फुकटचा क्लीनर येतो, आणि आपण पुन्हा डबा काखेत मारून दुकानात. यात दुकानदाराला तरी काय बोलायचं? त्याने तासभर डोकं लावून बिघाड शोधला आणि एका ठिकाणची टिक काढून दिली, तर आपण म्हणतो, "एवढंच होतं होय?" आणि चहावर भागवतो. फॉरमॅटचे ठरलेले पैसे मात्र मुकाट्याने काढून देतो. शोधायचे पैसेच मिळत नसतील तर कोण शोधत बसेल?

एका कारखान्यातलं मशीन सांगते. ऑफिस म्हणजे मागांच्या शेडला लागूनच काढलेली पत्र्याची खोली. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, तेव्हा त्या खोलीत पंख्याची हवासुद्धा अंगाला चटका देते. मशीन सकाळी ठीक चालायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र एक व्हाउचर सेव्ह करायचं म्हटलं की माउसचा बाण जागीच थिजायचा. अण्णांनी, म्हणजे मालकांनी, मला विचारायच्या आधीच फॉरमॅट मारून आणला होता. संध्याकाळी आणला तेव्हा छान चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. अण्णा म्हणाले, "फॉरमॅटच नीट मारला नाही त्यानं. परत द्यावा लागतोय की."

सकाळी चालतं, दुपारी अडतं, एवढं ऐकलं की माझं लक्ष सॉफ्टवेअरवरून उडतं. सॉफ्टवेअरला दुपार कळत नाही, उन्हाला कळते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. तीनच्या पुढे असायला हवा होता, तिथे एकच्याही खाली रेंगाळत होता. प्रोसेसर नव्वद-शंभर अंश सेल्सियसच्या आसपास तापला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो; तशी त्याची रचनाच असते. म्हणजे मशीन आळशी झालं नव्हतं, जीव वाचवत होतं.

यूपीएस बंद केला, वायर काढली आणि बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरवरचा पंखा दिसत होता, पण त्याच्या खालच्या अॅल्युमिनियमच्या पात्या दिसेनात. मागावरून उडणारे सुताचे बारीक तंतू वर्षानुवर्षं पंख्याने आत ओढले होते आणि त्यांचा राखाडी, घट्ट थर बसला होता. नखाने कडेला उचलला तर अखंड निघाला. आतल्या आत एक छोटी सोलापुरी चादरच विणून तयार होती म्हणा ना. अण्णा बघतच राहिले. म्हणाले, "ह्याचं पण जीएसटी लावतील बघा."

तुम्हाला करायचं असेल तर एवढं सांभाळा. वायर काढल्यावर चालू करायचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. जुना, कोरडा, मऊ ब्रश घ्या. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने तो भरमसाठ फिरला तर खराब होतो. ओलं फडकं चुकूनही नको. आणि ते मशीन जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा. कारखान्यात सगळ्यात जास्त तूस जमिनीलगत लोळतं आणि आपण सीपीयू नेमका तिथेच ठेवतो.

उन्हाळ्याशी ज्याचा संबंध नाही, अशा दुखण्याचं पहिलं औषध रिस्टार्ट. हे सांगितलं की लोकांना राग येतो. "रोज संध्याकाळी बंद करून, मेन स्विच काढून घरी जातो की हो!" बरोबर आहे, पण बंद करणं आणि रिस्टार्ट करणं ही दोन वेगळी कामं आहेत. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शटडाऊन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. चालू व्हायला वेळ कमी लागतो, पण कालचा गुंताही त्याच्यासोबत परत येतो. मेन स्विच काढलात तरी फरक पडत नाही, कारण ते सगळं डिस्कवर लिहिलेलं असतं. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. खोटं वाटत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये त्याच पानावर अप टाइम बघा. रोज बंद होणाऱ्या मशीनवरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा सापडतो. शिफ्ट दाबून धरून शटडाऊन केलं तर तेवढ्यापुरतं खरंखुरं बंद होतं.

टास्क मॅनेजर उघडलाच आहे तर स्टार्टअपचं पानही बघून घ्या. सकाळी सकाळी आपोआप उठणाऱ्यांची यादी तिथे असते. ज्याचं नाव ओळखीचं आहे आणि ज्याची रोज गरज नाही, त्याच्यावर राईट क्लिक करून डिसेबल करा. प्रोग्रॅम जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरस आणि आवाजाचं जे काही असेल ते राहू द्या. डिस्कच्या समोर सतत शंभर टक्के दिसत असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर तिथे फॉरमॅट काय, काहीच करून उपयोग नाही. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारणारी ती चकती आहे. हजार ठिकाणच्या छोट्या फायली वेचताना ती धापा टाकणारच. एसएसडी बसवा, म्हणजे चकती न फिरवता चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. जुन्या मशीनवर केलेला खर्च सत्कारणी लागतो असं मला वाटतं, तो हा एकच.

आता रिफ्रेशबद्दल. डेस्कटॉपवर राईट क्लिक, रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. आमच्याकडे एक जण खुर्चीत बसल्या बसल्या हे असं करतात की देवाला उदबत्ती ओवाळावी. त्याने स्क्रीनवरचे आयकॉन पुन्हा मांडले जातात, बाकी काहीही होत नाही. मशीनचा वेग वाढत नाही, मेमरी मोकळी होत नाही. कुणाचा तरी पुण्याला आयटीत असलेला भाचा प्रीफेच नावाच्या फोल्डरमधलं सगळं पुसायला सांगतो, तेही तसलंच. नेहमीचे प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने तिथे टिपणं ठेवलेली असतात. ती पुसली की पुढच्या वेळी उघडायला उलट जास्त वेळ लागतो. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही, साफ करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरबद्दल तर बोलायलाच नको. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की असली साधनं वापरण्याला त्यांचा पाठिंबा नाही.

प्रिंट निघत नाही म्हणून फॉरमॅट मारणारेही पाहिलेत. अहो, एखादं बिल अर्धवट अडकलेलं असतं आणि त्याच्यामागे बाकीची रांग लावून उभी असतात. विंडोजमधलं सर्व्हिसेस उघडून प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची ही रांग सांभाळणारा भाग, रिस्टार्ट करा, बहुतेकदा तेवढ्यात काम होतं.

दिवाळीनंतरचा फोन वेगळा असतो. कारखाना आठवडाभर बंद, मेन स्विच काढलेला, आणि उघडल्यावर एकही वेबसाईट धड लागत नाही. ब्राउझर म्हणतो, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. बँक नाही, जीएसटीचं पोर्टल नाही. कुणीतरी ठासून सांगतं की व्हायरस आलाय, फॉरमॅटच मारावा लागणार. मी फोनवर एवढंच विचारते, "उजवीकडे खाली तारीख कुठली दिसतेय?" पलीकडून थोडा वेळ काही नाही, मग हसू. तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षातली असते. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची. वीज नसताना घड्याळ तीच चालवते. ती संपली की मेन स्विच काढल्याबरोबर कॉम्प्युटर तारीख विसरतो. आणि प्रत्येक सुरक्षित वेबसाईटच्या प्रमाणपत्राला कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते. मागच्या वर्षांत अडकलेल्या कॉम्प्युटरला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं दिसतं, म्हणून तो दार लावून घेतो. तारीख दुरुस्त केली की त्याच क्षणी सगळं लागतं. बॅटरी बदलेपर्यंत दर वेळी दुरुस्त करावी लागते इतकंच. पन्नासेक रुपयांच्या बॅटरीपायी सगळा डेटा पुसायचा?

डेटा पुसला जातो हे म्हटलं की उत्तर तयार असतं : "सगळं डी ड्राईव्हला आहे अक्का." नसतं हो. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाईल सी ड्राईव्हवर असते. डाउनलोड्स तिथेच, माय डॉक्युमेंट्स तिथेच. टॅलीप्राईमचा डेटा कुणी मुद्दाम हलवला नसेल तर तोही सी ड्राईव्हवरच, युझर्सच्या आत पब्लिक नावाच्या फोल्डरमध्ये. आणि फॉन्ट! नवी पेठेकडे लग्नपत्रिका, बिलबुकं करून देणाऱ्या ओळखीच्या बाई आहेत. त्यांच्या फायली पेनड्राईव्हवर सुखरूप होत्या, पण फॉरमॅटनंतर उघडल्या तर वधू-वरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या मराठी फॉन्टांचं तसंच असतं. फाईलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधला तो फॉन्ट गेला की आतली खरी अक्षरं उघडी पडतात. बाई दुकानदाराला व्हायरसवरून बोल लावत होत्या. नेमका तोच फॉन्ट एका नातेवाइकांच्या जुन्या सीडीवर सापडला म्हणून निभावलं.

म्हणून फोन कराल तेव्हा "कॉम्प्युटर चालत नाही" एवढंच सांगू नका. एकाच प्रोग्रॅमला होतंय की सगळ्यांना? कधीपासून? त्याच्या आदल्या दिवशी काय नवीन टाकलं, काय जोडलं? बहुतेक उत्तर त्या आदल्या दिवसातच असतं, फक्त कुणी सांगत नाही, कारण "भाच्याने गेम टाकला" हे सांगायला लाज वाटते. आणि स्क्रीनवर काही लिहून आलं तर मोबाईलवर फोटो काढा, पूर्ण चौकटीचा, खालच्या आकड्यांसकट. मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, "काहीतरी आलं होतं, मी ओके केलं."

मग मारायचाच नाही का कधी? मारायचा की. खरोखरचा व्हायरस आला, फायलींची नावं बदलून पैसे मागणारी चिठ्ठी आली, तर मारायचाच. तिथे माया नको. मशीन दुसऱ्या कुणाला विकताय, तरी मारायचा. विंडोजच्या फायलीच इतक्या बिघडल्या की दुरुस्तीचे सगळे उपाय थकले, तर मारायचा. पण आधी सेटिंग्जमधलं रिसेट बघा, त्यात तुमच्या फायली ठेवून विंडोज नव्याने बसवता येतं. त्याच्याही आधी बॅकअप, आणि तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. टॅलीचा असेल तर कंपनी उघडून शेवटचं व्हाउचर दिसतंय का एवढं तपासायचं.

हल्ली याच प्रश्नाला नवं शेपूट फुटलंय : "फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकून घेऊ का?" १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, म्हणून ही घाई. मशीन चालायचं थांबत नाही, पण सुरक्षेचे नवे अपडेट आपोआप येणं थांबतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचंच पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते चालवलं की बसतं की नाही ते कळतं. बसत असेल तर फॉरमॅटची गरजच नाही, आहे त्याच्यावरच बसतं. बसत नसेल आणि कुणी "जुगाड करून टाकून देतो" म्हणालं, तर घरी मुलांच्या अभ्यासाच्या मशीनवर हवं तर करून बघा. ज्या मशीनवरून बँकेचे पैसे जातात आणि डिजिटल सही होते, त्याच्यावर नको. अण्णांनी नवं मशीन घेतलं. जुनं शेडमध्ये गेट पास लिहायला ठेवलंय, इंटरनेटची वायर काढून, आणि या वेळी टेबलावर.