दहावीनंतर पीसीएमबी घ्यायचं का? बेळगाव-खानापूरच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी

निकाल हातात आला आणि ८५-९० टक्के पडले की आपल्याकडे पुढचं ठरवायला फारसा वेळ कुणी घेत नाही. सायन्स, आणि त्यातही पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंग दोन्ही वाटा मोकळ्या राहतात, असं सांगितलं जातं. ते खरंही आहे. पण त्याची किंमत पुढची दोन वर्षं रोज मोजावी लागते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ती पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त जाणवते. म्हणून सांगतो, दहावीच्या टक्क्यांवरून कॉम्बिनेशन (विषयांचा गट) ठरवू नका. पीयूसी फर्स्टच्या (कर्नाटकातली अकरावी; सेकंड म्हणजे बारावी) पुस्तकातलं एक प्रकरण इंग्रजीतून झेपतं का, ते आधी बघा.

पीयूसीला सहा विषय असतात: दोन भाषा आणि चार मुख्य. सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हे तीन बहुतेकांना सारखेच. निवड असते ती चौथ्याची: बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा स्टॅटिस्टिक्स. कॉलेजात यातलं काय मिळतं, ते मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं.

आता गुण कुठे धरतात ते पाहा, कारण गैरसमज इथेच होतो. केसीईटी ही कर्नाटकाची प्रवेश परीक्षा; तिची इंजिनिअरिंग रँक निम्मी पीयूसी सेकंडच्या फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या गुणांवर आणि निम्मी सीईटीतल्या याच तीन विषयांवर लागते. कॉम्प्युटर सायन्सला शंभरपैकी शंभर पडले तरी या रँकमध्ये त्याचा एकही गुण येत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं म्हणून पीयूसीला कॉम्प्युटर सायन्स घेतलंच पाहिजे, हेही खरं नाही. तो विषय सोपा जातो म्हणून घेतला आणि त्यातून उरलेला वेळ मॅथ्सला दिला, तर ते शहाणपणाचं. मेडिकलचं उलट आहे. एमबीबीएसला नीट ही देशभराची प्रवेश परीक्षा लागते, नीटमध्ये मॅथ्स नाही, आणि ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीचे. बायोलॉजी न घेतलेल्याला नंतर तो अतिरिक्त विषय म्हणून देता येतो, पण त्यात एक वर्ष सहज जातं.

पहिल्या तीन महिन्यांत काय बिघडतं? दहावीला विज्ञानात ९० पडलेला मुलगा पहिल्या युनिट टेस्टला तिशीत अडकतो, आणि घरचे म्हणतात अभ्यास करत नाही. कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. बल, संवेग, आम्ल, प्रकाशसंश्लेषण हे त्याला पक्कं येत असतं, पण वर्गात फोर्स, मोमेंटम, ॲसिड, फोटोसिंथेसिस चाललेलं असतं. एवढी अडचण दोन-तीन महिन्यांत सुटते. प्रत्येक प्रकरणाचे तीस-चाळीस शब्द वहीत डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी असे लिहून काढले की पुरे.

खरी अडचण गणिताच्या क्रमाची आहे, आणि ती इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही येते. पीयूसीला एनसीईआरटीची पुस्तकं आहेत. फिजिक्सच्या दुसऱ्याच प्रकरणात, सरळ रेषेतल्या गतीत, तात्कालिक वेग डेरिव्हेटिव्हने (त्या क्षणीचा बदलाचा दर) सांगितलेला आहे. मॅथ्सच्या पुस्तकात डेरिव्हेटिव्ह येतं ते चौदापैकी बाराव्या प्रकरणात. फिजिक्सच्या तिसऱ्या प्रकरणात व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) लागतात, मॅथ्समध्ये ते थेट पीयूसी सेकंडला. केमिस्ट्रीत पीएच काढायला लॉगॅरिदम हवा, आणि तो दहावीपर्यंत शिकवलेलाच नसतो. फिजिक्सचे सर हे सगळं अर्ध्या तासात उरकून पुढे जातात, कारण पोर्शन संपवायचा असतो. ज्याला हे आधी कळलं तो सुट्टीत तयारी करतो. ज्याला नाही कळलं त्याला वाटतं, आपल्याला फिजिक्स जमत नाही.

म्हणून एप्रिल-मेच्या सुट्टीत ही चाचणी घ्याच. एनसीईआरटीच्या साइटवर अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक फुकट मिळतं. त्यातलं दुसरं प्रकरण घ्या आणि दहा दिवस द्या. पहिले तीन दिवस फक्त वाचन, अडलेले शब्द वहीत. पुढचे तीन दिवस डेरिव्हेटिव्हचे साधे नियम आणि आलेखाचा उतार. कुणा पीयूसीवाल्या दादा-ताईकडून समजून घेतलं तरी चालेल. मग सोडवलेली उदाहरणं उत्तर झाकून करा. शेवटच्या दिवशी स्वाध्यायातली दहा गणितं घड्याळ लावून सोडवा. सहा बरोबर आली तर सायन्स बिनधास्त घ्या. चार-पाच आली आणि चुका शब्दांच्या असल्या, तरी घ्या. चुका समीकरण मांडण्यातल्या असल्या तर आधी नववी-दहावीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती पक्की करा, आणि बायोलॉजीचं ओझं घ्यायचं का याचा पुन्हा विचार करा.

ओझं म्हणतो ते कारण असं. बायोलॉजीची अकरावीला १९ आणि बारावीला १३ प्रकरणं, आणि पुस्तकातली ओळन् ओळ नीटला विचारली जाते. खानापूरहून रोज एसटीने येणाऱ्या मुलीचे येण्या-जाण्याचे नि वाट बघण्याचे मिळून दोन-तीन तास जातात. कॉलेज, प्रॅक्टिकल, मग ट्यूशन. घरी उरतात तीन तास, फार तर चार. त्यात मॅथ्सची गणितं आणि बायोलॉजीचं पाठांतर दोन्ही बसवायचं, तर एक मागे पडतंच, आणि मागे पडतं ते बहुधा मॅथ्स. मेडिकल किंवा कृषी, पशुवैद्यकीय, फार्मसी यांपैकी काही मनात असेल तर पीसीएमबी जरूर घ्या. 'असू दे' म्हणून घेऊ नका.

इंटिग्रेटेड कॉलेजांची (जिथे पीयूसीसोबतच प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात) जाहिरात बघताना एक प्रश्न विचारा: फीमध्ये नेमकी कुठली परीक्षा येते? केसीईटीत एका विषयाचे ६० प्रश्न ८० मिनिटांत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि चुकलं की एक गुण वजा. जेईईची (आयआयटी-एनआयटीची प्रवेश परीक्षा) गणितं वेगळ्याच खोलीची. तिन्हींची तयारी एकाच वेळी करून घेतो म्हणणारा क्लास कुठल्या दिवशी कशाला किती तास देतो, ते वेळापत्रक लेखी मागा. नीट आणि जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण दोन वर्षं इंग्रजीतून शिकल्यावर ती घेऊन फायदा होईल असं मला वाटत नाही. केसीईटी तर इंग्रजी आणि कन्नडमध्येच असते.

भाषा निवडताना 'संस्कृतला गुण पडतात' हे ऐकून धावू नका. भाषेचे गुण इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये धरत नाहीत. कॉलेजात मराठी असेल तर मराठी घ्या, नवी भाषा शिकण्याचा वेळ वाचतो.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जायचं म्हणून अकरावीलाच चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूर गाठायचा विचार असेल तर एक माहीत असू द्या: त्यासाठी बेळगाव सोडायची गरज असेलच असं नाही. महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातले उमेदवार म्हणून वेगळी तरतूद आहे, दहावी-बारावी इथून केली तरी. महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, अकरावीचा भाग साधारण २० टक्के, बारावीचा ८०, आणि गुण कापत नाहीत. म्हणजे इथे पीयूसी करूनही दोन्ही सीईटी देता येतात. अडतं ते कागदांवर. वादग्रस्त भागातल्या रहिवासाचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला ऐन प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून मिळत नाही. पीयूसी सेकंडच्या दिवाळीपर्यंत ते काढून ठेवा, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी लिहिली आहे ना, हे दहावीची शाळा सोडतानाच तपासा.