पाणी येत आहे

टूर मॅनेजर म्हणून मी अकरा वर्षं काम करते. मॉरिशसला सहा वेळा ग्रुप नेला आहे. त्यातला एक दिवस मला तासातासाने आठवतो, तो लिहून ठेवते.

मे महिना होता. आपल्याकडची मंडळी उकाड्यातून सुटून येतात तेव्हा तिकडे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. हे विमानतळावरच सांगितलं तरी कोणी स्वेटर वर काढत नाही. सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, आणि जंगलात त्याच्या तासभर आधीच अंधारून येतं. माझं त्या दिवसाचं सगळं गणित या एका वेळेवर बेतलेलं होतं.

एकतीस जणांच्या ग्रुपमधले सतरा जण पोर्ट लुईच्या बाजारात गेले आणि चौदा जण माझ्याबरोबर धबधब्यांना आले. तामारिन नदी मधल्या पठारावरून पश्चिमेच्या समुद्राकडे उतरताना एकाखाली एक उड्या घेते. तिथले लोक या जागेला ‘सेत कास्काद’ म्हणजे सात धबधबे म्हणतात. हेन्रिएटा गावात गाडी सोडायची, उसातून चालत दरीच्या काठाशी यायचं आणि जंगलात उतरायचं. मे महिन्यात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, कारण तोड जूनमध्ये सुरू होते. सांगलीचं एक जोडपं वाटेवर दर दहा पावलांनी थांबून उसाची पेरं बघत होतं.

आमचे गाईड कास्कावेल गावचे, पन्नाशी उलटलेले, मी त्यांना दादा म्हणते. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊसमळ्यात मजुरीला आलेले. घरात आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली चालते, माझ्याशी ते भोजपुरी मिसळलेल्या हिंदीत बोलतात. मराठी ते शाळेत शिकले. तिथल्या शाळांमध्ये मराठी हा विषय घेता येतो. गणपतीत झाकरी नाचतात, म्हणजे आपली कोकणातली जाखडीच. आरत्या त्यांना तोंडपाठ आहेत, पण रोजचं बोलायला सांगितलं की लाजतात. म्हणतात, ‘‘ताई, माझी मराठी पुस्तकाची आहे.’’

दरीच्या काठावरून पहिले दोन धबधबे एका नजरेत दिसतात. खालून पांढरे पक्षी वर येत होते, शेपटीत दोन लांबच लांब पिसं असलेले. एअर मॉरिशसच्या विमानाच्या शेपटीवर हाच पक्षी आहे, हे एका लहान मुलीने ओळखलं. पुढे उतार सुरू झाला. तिथली झाडं बहुतेक चिनी पेरूची, सरळसोट, गुळगुळीत खोडांची. हा पेरू मूळचा ब्राझीलचा, बाहेरून आणलेला, आता त्याने तिथल्या मूळ झाडांची जागा गिळली आहे. जंगल राखणाऱ्यांची त्याने झोप उडवली आहे आणि गावकरी मात्र फळांसाठी त्याची वाट बघतात. बोराएवढी लाल फळं पायाखाली चिरडत होती आणि त्यांचा आंबटगोड वास सगळ्या उतारावर होता. पावसाने भिजलेल्या लाल मातीत पाय ठरत नाही. मुळं हाच जिना, मुळं हाच कठडा. दादा पुढे उतरत आणि प्रत्येकाला पाय कुठे ठेवायचा ते दाखवत. ‘‘दूसमां, दूसमां,’’ म्हणजे हळू, हळू.

दुसऱ्या धबधब्याच्या खाली एक डोह आहे. डोहातून पाणी कातळावर पसरून पलीकडे तिसऱ्या धबधब्याच्या तोंडाशी जातं. वाट पलीकडच्या काठावरून पुढे जाते. पात्र ओलांडायचं ते तेवढ्या पसरट जागी, धारेपासून वीस-पंचवीस पावलं वर. त्या दिवशी तिथे घोट्याएवढं पाणी होतं, तळातला खडा न् खडा दिसत होता. वर लख्ख ऊन होतं.

नाशिकच्या एका काकूंचा गुडघा शेवटच्या उतारावर धरला. त्यांना उतरवायला दादा परत वर गेले. जाताना मला हिंदीत स्पष्ट सांगून गेले, मी येईपर्यंत कोणीही पलीकडे जायचं नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. सांगलीचं जोडपं फोटोसाठी अधीर झालं होतं. त्यांच्याबरोबर ठाण्याहून आईसोबत आलेला सतरा वर्षांचा एक मुलगा होता, चपळ, ट्रेकिंगची सवय असलेला. ‘‘ताई, एवढंसं तर पाणी आहे, पलीकडे जाऊन उभे राहतो.’’ मी पाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते आणि अजून पाच धबधबे राहिले होते. मी म्हटलं, ‘‘जा, पण पलीकडेच थांबा.’’

तिघं गेली. कोणाचा पायसुद्धा घसरला नाही.

ती पलीकडे पोचतात न पोचतात तोच दादा काकूंना घेऊन खाली आले. त्यांनी आधी माणसांकडे पाहिलंच नाही, पाण्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला दिसली पेरूची काही पिवळी पानं, एकामागून एक वाहत येणारी. मग काटक्या. मग पाण्यावर चहाच्या फेसासारखा तपकिरी फेस, जो आधी नव्हता. दादा दोन पावलं पुढे गेले, हात वर केला आणि आयुष्यात त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं इतक्या खणखणीत मराठीत ओरडले, ‘‘थांबा! पाणी येत आहे!’’

पुस्तकातलंच वाक्य, शब्दन् शब्द सुटा. ‘येतंय’ नाही, ‘आलं’ नाही. पलीकडून परत यायला निघालेला मुलगा एक पाय पाण्यात टाकून जागच्या जागी थांबला. दादा हिंदीत किंवा क्रिओलमध्ये ओरडले असते तर तो पाऊल टाकून बसला असता, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर आवाज बदलला. धबधब्याचा आवाज वरून पडत असतो. तो आता खालून, पोटातून आल्यासारखा येऊ लागला. घोट्याएवढं पाणी गुडघ्याला लागायला वेळ लागला नाही. दहा-बारा मिनिटांत ते माणसाच्या कमरेएवढं, लाल, घट्ट झालं होतं, आणि आमच्या डोक्यावर ऊन होतं ते तसंच होतं. पाऊस आमच्याकडे पडलाच नव्हता. तो पडला होता वर, वाकोआ आणि क्युरपीपच्या बाजूच्या पठारावर. क्युरपीपचा पाऊस त्या बेटावर प्रसिद्धच आहे. नदी आखूड, उतार तीव्र, आणि मातीच्या खाली लगेच कातळ. पाणी मुरायला जागा नाही, त्यामुळे वर पडलेलं थेट खाली येतं.

मी चिपळूणची. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी माझ्या माहेरी माळ्यापर्यंत चढलेलं आहे. वरच्या पावसाने खाली पूर येतो हे मला कोणी शिकवायला नको होतं. हे माहीत असून मी तिघांना पलीकडे पाठवलं होतं.

मुलाची आई पाण्याकडे धावली. मी तिचं मनगट धरलं. तिने हिसडा दिला, मी दोन्ही हातांनी धरलं. ‘‘सोडा मला, तो एकटा आहे तिकडे,’’ एवढंच ती म्हणत राहिली. तो एकटा नव्हता, पण तिला काय सांगणार? मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते.

दादांनी पलीकडच्या तिघांना हाताने खुणा केल्या. काठापासून दूर व्हा, वर चढा, मोठ्या झाडापाशी बसा. आवाजात काहीच ऐकू जात नव्हतं. तिघं वर चढून बसली तेव्हा दादांनी पेरूची एक काटकी मोडली आणि जिथे पाणी कातळाला टेकत होतं, अगदी त्या रेषेवर कातळाच्या फटीत खोचली. काही वेळाने ती काटकी वीतभर पाण्यात होती. त्यांनी वर दुसरी खोचली. तीही बुडाली. मग तिसरी.

फोनला खाली रेंज नव्हती. दादा उतार चढून रेंज मिळेल तिथवर गेले आणि ड्रायव्हरला निरोप देऊन आले. अडीचपर्यंत माझा फोन आला नाही तर पोलिसांना कळव. तिकडे अशा सुटकेला स्पेशल मोबाइल फोर्सची माणसं येतात, पण त्यांना दोर घेऊन उतरायला वेळ लागतो आणि उजेड लागतो. मी विचारलं, आत्ताच का नको बोलवायला? ते म्हणाले, पलीकडची तिघं सुरक्षित बसली आहेत, पाणी उतरलं तर तेच सगळ्यात सोपं. अडीच ही त्यांनी ठरवलेली शेवटची वेळ होती, आणि ती त्यांनी माझ्या वहीत लिहायला लावली.

मग बसणं. जेवणाची पाकिटं होती, ती वाटली. पलीकडच्यांकडे खायला काही नव्हतं. आईने तिचं पाकीट उघडलं नाही.

आमच्यात भूगोलाच्या एक निवृत्त बाई होत्या. त्या कातळावर हात ठेवून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, हा दगड आपला भाऊच आहे. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोताने दख्खनवर लाव्हा ओतला, जमिनीचं कवच सरकत गेल्यावर त्याच स्रोतावर पुढे हे बेट उभं राहिलं, 80-90 लाख वर्षांपूर्वी. आता तो स्रोत शेजारच्या रियुनियन बेटाच्या खाली जागा आहे. एरवी मी ही माहिती गाडीत माईकवर सांगितली असती. तिथे मात्र सगळे ऐकत असताना मी काळ्या खडकावरच्या तिसऱ्या काटकीकडे बघत होते. सह्याद्रीतला कातळ जितका काळा, तितकाच हा.

ती काटकी एक वाजून पाच मिनिटांनी पूर्ण उघडी पडली.

सगळे एकदम उठले. दादा उठले नाहीत. अर्ध्या तासाने दुसरी उघडी पडली. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हा माणूस कशाची वाट बघतोय, पाणी तर उतरलं. मी त्यांना सांगितलं की आज त्यांनी सांगितल्याशिवाय मी एक पाऊल टाकणार नाही. त्यांना ते आवडलं नाही. दादा रंगाची वाट बघत होते. पाणी खाली गेलं तरी लाल आहे म्हणजे वर अजून येणारं आहे, पाण्यात तळ दिसेल तेव्हा जायचं.

दोनला दहा कमी असताना तळातला पहिला पांढुरका खडा दिसला. दादांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला आणि मग आमच्यातल्या दोघांच्या हातात दिलं. ते सरळ गेले नाहीत. धारेपासून आणखी वर, डोहाच्या कडेने, बुटाने तळ चाचपत, प्रवाहाकडे तोंड करून गेले. दोर त्यांनी पलीकडच्या झाडाला ताणून बांधला. एकेकाला आणलं, आधी सांगलीची वहिनी, मग तिचा नवरा, शेवटी मुलगा. पाणी पोटरीएवढंच होतं, तरी त्या वहिनींचे पाय थरथरताना मला इथून दिसत होते.

मुलगा या काठावर आला. आई काही बोलली नाही. खाली वाकली, त्याच्या एका बुटाची सुटलेली नाडी बांधली, दुहेरी गाठ मारली. मग स्वतःचं न उघडलेलं जेवणाचं पाकीट त्याच्या हातात दिलं.

दादांनी ड्रायव्हरला फोन करायला मला वर पिटाळलं. अडीचला पंधरा मिनिटं होती.

पुढचे पाच धबधबे आम्ही पाहिले नाहीत. चढताना गुडघेवाल्या काकूंना दोघांनी आळीपाळीने हात दिला. उसात आलो तेव्हा पाच वाजत आले होते आणि मागे जंगल काळं झालं होतं. गाडीच्या दाराशी दादा उभे राहिले आणि चढणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजू लागले, मराठीत, शाळेतल्यासारखे, एक, दोन, तीन. चौदा झाले. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि आत चढून पुन्हा एकदा मोजलं.

हॉटेलवर त्या गृहस्थांनी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून दिलं की कार्यक्रमपत्रिकेत सात धबधबे छापले आहेत आणि दोनच दाखवले. खरं आहे. मी तो फॉर्म तसाच जोडला आणि खाली लिहिलं की या वाटेला पत्रिकेत आकडा छापू नये, जिथून गाईड परत फिरवेल तिथून परत, असं छापावं. कंपनीने ते बदलायला पुढे दोन मोसम घेतले, मी तीन पत्रं लिहिली. ज्या पाहुण्याला सात हा आकडा विकला आहे तो पाण्याकडे बघत नाही, आकडे मोजतो, आणि त्याच्याबरोबर टूर मॅनेजरही मोजायला लागते. साडेअकराला मी घड्याळ पाहिलं होतं ते त्यामुळेच.

रात्री अहवाल भरायला घेतला. ‘कारण’ या रकान्यात मी आधी लिहिलं, ‘नदीचे पाणी अचानक वाढल्याने.’ वाचून पाहिलं. ते खोडलं आणि लिहिलं, ‘गाईडने थांबायला सांगितले असताना मी तीन पाहुण्यांना पलीकडे जाऊ दिले.’ सही केली, पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी शामारेलला न्यायच्या नाश्त्याची यादी करायला घेतली. मुलाच्या आईच्या नावापुढे मी दोन पाकिटं लिहिली.