'लिटल रेड' सापडली ती फोर्डच्या क्रमांकामुळे

फोर्डच्या मस्टँगवरून वेगवान गाड्या बनवणाऱ्या शेल्बी कंपनीची १९६७ ची प्रायोगिक जीटी ५०० कूपे, टोपणनाव 'लिटल रेड'. ती कधीच भंगारात चिरडली गेली, असं बहुतेकांनी धरलं होतं. शोध वर्षानुवर्षं शेल्बीने गाडीला दिलेल्या क्रमांकावर अडकला होता. फोर्डचा मूळ क्रमांक धरल्यावर २०१८ मध्ये गाडी टेक्सासात मिळाली. केवढी मोठी गोष्ट!

त्या सालची मस्टँग तपासताना चालकाच्या बाजूचं बॉनेटखालचं आतलं फेंडर, म्हणजे चाकावरचा आतला पत्रा, पाहा. फोर्डचा क्रमांक तिथे पत्र्यातच ठोकलेला असतो. ७ म्हणजे १९६७, आर म्हणजे सॅन होजे कारखाना, पुढे ०१ कूपे, ०२ फास्टबॅक (छत मागे शेपटीपर्यंत उतरतं ती). विक्रीतली जीटी ५०० फास्टबॅकच होती, म्हणून जीटी ५०० म्हणून दाखवलेल्या गाडीवर ०१ दिसला तर थांबा. गंजलेला तो पत्रा कापून बदलू नका. क्रमांकही त्याच्याबरोबर जातो. दारावरची क्रमांकाची पट्टी सहज बदलता येते, ती पुरावा नव्हे.