लाट उतरताना ओढा: खलाशांची कंबर आणि मनगटं

1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठते, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून मालवणपर्यंत बोटी बाहेर पडतात आणि थोड्याच दिवसांत खलाशांच्या कमरा धरायला लागतात. दोष सगळे वजनाला देतात. वजन असतंच, पण माझ्या मते कंबर जाते ती जास्त करून दोन गोष्टींमुळे: लाटेच्या उलट जोर लावणं आणि पाय जागेवर ठेवून अंग पिळणं. या दोन्ही सवयी पैसा न खर्चता बदलता येतात.

हाताने जाळं ओढताना बोटीची कड वर चढते तेव्हा दोर ताणतो. नेमकं तेव्हाच ओढलं तर जाळ्याचं वजन आणि लाटेचा जोर असे दोन्ही पाठीवर येतात. म्हणून कड चढत असताना फक्त धरून ठेवा, जमलं तर दोराचा एक वेढा खुंटाला घाला. कड उतरू लागली की दोर सैल पडतो, तेव्हा भराभर ओढून घ्या. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे थोडे वाकलेले. ओढायचं ते अंग मागे टाकून, नुसत्या दंडांच्या जोरावर नाही. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, तोंडाने ठेका धरला तर नव्या पोरांना हे लवकर साधतं. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी बरेच असतात, आणि ठेक्याला भाषा लागत नाही. दोर तळहाताभोवती कधीही गुंडाळू नका. अचानक हिसका बसला तर हात सोडवायला वेळ मिळत नाही, बोट तुटतं.

क्रेट उचलतानाही लाटेकडे लक्ष हवं. बोट खालून वर येत असते तेव्हा तोच क्रेट जड लागतो. माथा गाठून ती उतरू लागली की हलका होतो. त्या क्षणाची वाट बघा.

वजनाचा हिशोबही समजून घ्या. कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या सूत्रात, सगळं अनुकूल असताना एका माणसाने उचलायच्या वजनाची मर्यादा 23 किलो आहे. ओझं घोट्यांपासून 25 सेंटीमीटरच्या आत असेल तेव्हाचा हा आकडा. तेच ओझं 50 सेंटीमीटर लांब गेलं की मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलोवर येते. डोलणाऱ्या ओल्या डेकवर ती आणखी कमीच धरायला हवी. मासळी आणि बर्फाने गच्च भरलेला मोठा क्रेट एकट्याने उचलायचाच नाही. दोघांनी धरा, नाहीतर अर्धाच भरा. क्रेट पोटाशी घ्या आणि वळताना आधी पाऊल वळवा, मग अंग.

बर्फाच्या खणातून क्रेट वर देणं हे त्याहून वाईट. खालचा माणूस पायाजवळचं ओझं डोक्याच्या वर नेतो, म्हणजे एकाच खेपेत कंबर आणि खांदा दोन्ही जातात. तिथे कप्पी लावाच. एका कप्पीने वजन कमी होत नाही, पण वर उचलण्याऐवजी खाली ओढता येतं आणि अंगाचा भार कामी येतो. एक कप्पी वर पक्की बांधून दुसरी क्रेटबरोबर हलती ठेवली तर जोर जवळजवळ निम्मा लागतो. क्रेट वर जात असताना खाली कोणी उभं राहू नये.

ट्रॉलरवर खोळ, म्हणजे जाळ्याच्या टोकाची मासळी साठणारी पिशवी, मोकळी झाली की तासन्‌तास उकिडवं बसून मासळी निवडली जाते. गुडघे पूर्ण मिटलेले, मान खाली, एकच हात पुढे. यावर उपाय म्हणजे कमरेच्या उंचीचं फळ्यांचं टेबल, मासळी घसरू नये म्हणून कडेला पट्ट्या मारलेलं. जागा नसेल तर निदान उलटा क्रेट बसायला घ्या. गुडघ्यांवरचा ताण लगेच कमी होतो. अर्ध्या-पाऊण तासाने कामाची अदलाबदल करा: निवडणारा बर्फाकडे, बर्फवाला जाळ्याकडे. दुखरी जागा बदलणारी अदलाबदल हवी. निवडणं सोडून कोळंबी सोलायला बसलात तर मनगटाला विश्रांती मिळतच नाही.

हातमोजे मापाचे घ्या. सैल मोजा निसटू नये म्हणून माणूस मूठ जास्त आवळतो आणि कोपरापर्यंतचे स्नायू दुखतात. रबरी मोज्याच्या आत सुती मोजा घाला, भिजला की बदला. गारठलेल्या हाताला पकडीचा अंदाज राहत नाही.

जुलैच्या मध्यापासूनच कंबर, मांड्या आणि खांद्यांचा थोडा व्यायाम सुरू करा. बंदीच्या दोन महिन्यांत वाकून जाळी दुरुस्त केलेलं शरीर पहिल्याच दिवशी पूर्ण भार घ्यायला तयार नसतं.

दुखायला लागलं की गोळी खाऊन पुन्हा समुद्रावर, ही पद्धत मला फार धोक्याची वाटते. कमी पाणी प्यायलेल्या, घामाने निथळलेल्या शरीरात बऱ्याच प्रकारच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. ते लवकर दाखवा. पाठदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर वाट न बघता, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांना नुसतं ‘पाठ दुखते’ म्हणू नका. किती तास उकिडवं बसता, ओझं किती वजनाचं, कुठल्या हाताने ओढता आणि बोट परत कधी निघणार, हे सगळं सांगा. त्याशिवाय विश्रांती नेमकी कशापासून घ्यायची, हे त्यांना ठरवता येणार नाही.